प्राणी न पाळता प्राण्यांचा सहवास कसा मिळवावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते बँकेत नोकरीला असून बदलीने सोलापुरात आले आहेत आणि जुळे सोलापुरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये आईसोबत राहतात. भाडेकरारात प्राणी पाळू नयेत अशी अट आहे, आईला दमा आहे आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा बदली होणार हे ठरलेले आहे. लहानपण गावी कुत्र्यांच्या संगतीत गेल्यामुळे त्यांना आताचे घर सुने वाटते. ‘कुत्रा जमत नसेल तर मांजर आणा, तिचे काही करावे लागत नाही’ असा सल्लाही त्यांना कोणीतरी दिला आहे. प्राणी न पाळता त्यांचा सहवास मिळण्याचा काही मार्ग आहे का, असे त्यांनी विचारले आहे. मी सोलापुरात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते, त्यामुळे या प्रश्नाची दुसरी बाजू, म्हणजे घरी प्राणी आहे पण त्याला वेळ देणारे माणूस नाही अशी घरे, मला रोज दिसतात. उत्तर मुख्यतः त्या अनुभवावर आधारलेले आहे.

प्रथम मांजरीच्या सल्ल्याविषयी. तो तुम्ही मानू नये. प्राण्यांमुळे होणारी ॲलर्जी केसांमुळे होते असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात ती लाळेतील आणि त्वचेतील प्रथिनांमुळे होते. मांजर स्वतःला चाटते, ती लाळ अंगावर वाळते, कोंड्याबरोबर तिचे अतिसूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात आणि गाद्या-पडद्यांत शिरलेले हे कण मांजर घरातून गेल्यावरही काही महिने टिकतात. आखूड केसांचा प्राणी आणला म्हणजे प्रश्न सुटला असे म्हणूनच होत नाही. दमा असलेल्या प्रत्येकाला प्राण्यांचा त्रास होतोच असे नाही, पण तुमच्या आईला तो होतो की नाही हे तपासणी करून त्यांच्या डॉक्टरांनी सांगायचे आहे. मी पशुवैद्य आहे, त्यात बोलण्याचा अधिकार मला नाही. शिवाय कुत्रा दहा-बारा वर्षे आणि नीट सांभाळलेली मांजर पंधरा वर्षांपर्यंतही जगते. दर बदलीला नवा घरमालक शोधावा लागणाऱ्या माणसाने आज प्राणी न आणण्याचे ठरवले, तर त्याबद्दल त्याने अपराधी वाटून घेऊ नये.

आता मूळ प्रश्न. सहवास हवा असे आपण सगळेच म्हणतो, पण त्यात प्रत्येकाला हवे असते ते वेगळे असते. कोणाला मऊ अंगावर हात फिरवायचा असतो, कोणाला नुसते जनावर आसपास असले तरी पुरते, कोणाला कोणाचे तरी करण्यात समाधान असते. तुम्ही लिहिले आहे की शाळेतून परतताना एसटीतून उतरलात की घरचा मोत्या फाट्यावर उभा असायचा. मला वाटते, तुमची खरी उणीव तिथे आहे: तुम्हाला ओळखणारा एक प्राणी असावा, हे तुम्हाला हवे आहे. ही ओळख मालकीमुळे होत नाही. ठरावीक वेळी, ठरावीक ठिकाणी, तोच माणूस पुन्हा पुन्हा आला आणि त्याच्यापासून कधी त्रास झाला नाही, एवढ्यावर कुत्रा माणसाला आपले मानतो, मग त्याचा परवाना कोणाच्याही नावावर असो. त्यामुळे शहरभर दहा कुत्र्यांना थोडे थोडे गोंजारण्यापेक्षा एकाच प्राण्याशी नियमाने संबंध ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्याच्या प्राण्याच्या संगतीने खरोखर काही फरक पडतो का, ही शंका रास्त आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 249 विद्यार्थ्यांचे गट पाडले होते. एका गटाला दहा मिनिटे कुत्र्या-मांजरांना हाताळू दिले, दुसऱ्याला नुसते पाहू दिले, तिसऱ्याला प्राण्यांची छायाचित्रे दाखवली आणि चौथ्याला थांबवून ठेवले. ज्यांनी प्राण्यांना प्रत्यक्ष हाताळले, त्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले. ते प्राणी त्या विद्यार्थ्यांचे नव्हते, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. दहा मिनिटांचा परिणाम किती काळ टिकतो हा निराळा प्रश्न आहे, पण रोजची वीस-पंचवीस मिनिटे तुम्ही कार्यालयातून आल्यावर सहज काढू शकता.

असा प्राणी सोलापुरात कुठे मिळेल, हे सांगणे सोपे आहे. मुलगा किंवा मुलगी शिकायला असताना हौसेने लॅब्रॅडॉरचे पिल्लू आणते, पुढे नोकरी लागते आणि हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन तिकडचीच होते. कुत्रा मात्र इथे गुडघेदुखीने बेजार झालेल्या आई-वडिलांकडे राहतो. तीस-पस्तीस किलोचा कुत्रा ओढू लागला तर आपण पडू, या भीतीने ते त्याला गेटपर्यंतच नेतात. असा कुत्रा जाड होतो, नखे वाढतात, दुपारभर भुंकतो आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात. माझ्याकडे वजन वाढलेले जे कुत्रे येतात, त्यांत या घरांतले पुष्कळ असतात. होटगी रोड, विजापूर रोड, जुळे सोलापूर या वसाहतींत थोडी चौकशी केली, तर असे एखादे घर चालत जाण्याच्या अंतरावर निघेल. तुमच्या भागातील पशुवैद्याला विचारा. आम्हाला ही घरे माहीत असतात आणि त्यांची परवानगी घेऊन ओळख करून देणे आम्हालाही आवडते.

ओळख झाली तरी पहिल्याच भेटीत ‘मी याला फिरवून आणू का?’ असे विचारू नका. पहिले काही दिवस नुसते त्या घरी जा, काका-काकूंशी बोला, कुत्र्याकडे मुद्दाम पाहूही नका. त्याने जवळ येऊन हुंगले तर हुंगू द्या. नंतर काकांसोबत तुम्हीही फिरायला जा, पट्टा त्यांच्या हातात राहू द्या. मग परतीच्या वाटेवर पट्टा तुमच्या हातात आणि काका शेजारी. घराकडे येताना कुत्रा स्वखुशीने चालतो, म्हणून सुरुवात परतीच्या वाटेवर करणे सोपे जाते. तो तुमच्याबरोबर एकटा गेटबाहेर निघाला आणि मागे वळून न पाहता चालू लागला की पुढचे जमले असे समजा. काहींना याला चार दिवस लागतात, घाबरट कुत्र्यांना महिनाही लागतो.

पट्टा हातात घेण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्ट बोलून घ्याव्यात, आणि आपल्याकडे संकोचापोटी नेमक्या त्याच राहून जातात. कुत्र्याचे लसीकरणाचे कार्ड मागून पाहा. रेबीजची लस दरवर्षी टोचलेली असावी आणि गोचिडांवरचे औषध चालू असावे, कारण आपल्याकडे गोचीड-ताप उन्हाळ्या-पावसाळ्यात फार दिसतो. कुत्र्याने कोणाला ओरखडले किंवा तो तुमच्या हातून सुटला तर खर्च आणि जबाबदारी कोणाची, हे आधी ठरवा. दवाखान्यात नेण्याची वेळ आली आणि मालक गावात नसले तर उपचाराची परवानगी कोण देणार, हेही ठरवा. पैसे घेऊ नका असे माझे मत आहे. काही जण कुत्री फिरवण्याचा व्यवसाय करतात आणि त्यात गैर काही नाही, पण तुम्हाला हवा आहे तो संबंध पगारी कामात टिकणे अवघड असते.

असा संबंध कुठवर जातो याचे एक उदाहरण देते. अलीकडे एका वयस्कर बाई आपल्या कुत्र्याला घेऊन आल्या. सोबत शेजारची मुलगी होती, जी त्याला रोज संध्याकाळी फिरवते. ‘जेवण कमी झालंय’ एवढीच आजींची तक्रार होती. कुत्रा वजनकाट्यावर उभा राहताना मागचा डावा पाय जेमतेम टेकवत होता. मी विचारण्याआधीच ती मुलगी म्हणाली, ‘पायऱ्या उतरताना नाही, चढताना थांबतो, आणि पाऊस सुरू झाल्यापासून लघवीला पाय वर करत नाही.’ आजी दिवसभर त्याच्या घरात असूनही त्यांना हे दिसले नव्हते, कारण त्या त्याच्यामागून चालत नव्हत्या. क्ष-किरण तपासणीत खुब्याच्या सांध्याची झीज निघाली. तपासणीभर कुत्र्याने आपला सगळा भार त्या मुलीच्या पोटरीवर टाकला होता, आणि आजींना त्याचे वाईट वाटले नाही, उलट त्यांनीच तिला स्टूल पुढे सरकवला.

सोलापूरचा उन्हाळा हा या व्यवस्थेतील सर्वांत मोठा अडथळा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो आणि संध्याकाळी सहा वाजताही डांबर तापलेले असते. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. त्या दिवसांत फिरणे पहाटे साडेपाच ते सातच्या दरम्यान उरकावे किंवा रात्री जेवणानंतर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. त्यामुळे पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचे हाल अधिक होतात. लाळ घट्ट होऊन तोंडातून तार लोंबू लागली, हिरड्या लालभडक झाल्या किंवा चाल अडखळली, तर सावलीत घेऊन अंगावर साधे पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा. ओला सोलापुरी टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवण्याची पद्धत घरोघरी आहे, ती टाळा. गुंडाळलेला टॉवेल थोड्याच वेळात गरम होतो आणि अंगातील उष्णता कोंडून धरतो.

रोजचे जमणार नसेल तर दुसरा मार्ग सुट्ट्यांचा आहे. दिवाळीत आणि मे महिन्यात लोक गावाला जातात आणि प्राण्याला कुठे ठेवायचे हा प्रश्न पडतो. तुमच्या घरी प्राणी आणता येणार नाही, म्हणून तुम्ही त्यांच्या घरी जा. मांजरीसाठी तर हेच उत्तम, कारण मांजर माणसाइतकीच जागेशीही बांधलेली असते आणि नव्या घरात ती दोन-दोन दिवस कपाटामागून बाहेर येत नाही. सकाळ-संध्याकाळ जाऊन अन्न-पाणी बदलावे, तिची मातीची पेटी साफ करावी आणि अर्धा तास नुसते बसावे. ती कुठे लपते, काय खाते आणि डॉक्टर कोण, हे मालकाकडून कागदावर लिहून घ्या. मांजरीने पूर्ण दिवस तोंडात काही घेतले नाही तर ‘रुसली असेल’ म्हणून वाट पाहू नका. दोन-तीन दिवसांची उपासमार, विशेषतः लठ्ठ मांजरीच्या, यकृतावर येते. दिवाळीत कुत्रा सांभाळत असाल तर फटाके सुरू होण्याआधी, दिवस असतानाच फिरवून आणा आणि दार उघडताना आधी त्याचा पट्टा हातात धरा. आवाजाने बिथरून पळालेली कुत्री शोधणाऱ्यांचे फोन आम्हाला लक्ष्मीपूजनाच्या रात्री हमखास येतात.

रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण अनेक जण तिथूनच सुरुवात करतात, म्हणून लिहिते. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार सोसायट्यांनी वस्तीतील प्राण्यांना खाणे देण्यासाठी जागा ठरवायची असते आणि ती जिने, प्रवेशद्वारे व मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात प्रभागनिहाय खाद्यस्थाने करावीत आणि रस्त्यात कुठेही खाणे घालू नये असे म्हटले आहे. त्यानंतरही सुनावण्या चालू राहिल्या, तेव्हा आजचा नियम महापालिकेत विचारूनच पाऊल उचला. माझा आग्रह एवढाच की ज्या कुत्र्याला तुम्ही खाऊ घालता, त्याच्या नसबंदीची आणि लसीची चौकशीही तुम्हीच करावी. कानाचे टोक खाचलेले असेल तर नसबंदी झालेली आहे असे समजतात. बिस्किटांचे पुडे टाकण्यापेक्षा मीठ-मसाल्याविना भात आणि उकडलेले अंडे किंवा पाण्यात भिजवलेली भाकरी बरी. आपली शेंगाचटणी लावलेली भाकरी मात्र कोणत्याच कुत्र्याला देऊ नका. लसूण आणि कांदा त्यांच्या तांबड्या पेशींना घातक आहेत. मनुका आणि चॉकलेटही नको. तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे: दोन वर्षे रोज खाऊ घातलेले कुत्रे बदलीनंतर त्याच वेळी, त्याच जागी वाट पाहते आणि तिथे त्याच्यासाठी काकू नसतात. म्हणून तुम्ही हा मार्ग निवडू नये असे मला वाटते.

प्राण्यांत नियमाने वावरणाऱ्या प्रत्येकाने डॉक्टरांना विचारून रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवावी. ती घेतलेल्या माणसाला पुढे चावा झाला तर साधारणपणे दोनच डोस पुरतात आणि जखमेत द्यावे लागणारे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, लागत नाही. लस घेतलेली असो वा नसो, चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

स्पर्शाविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण पाहुण्या माणसाच्या चुका इथेच होतात. कुत्र्यावर वाकून डोक्यावर थोपटणे त्याला आवडत नाही, तो ते सहन करतो. बाजूला उभे राहा, हात खाली सैल सोडा, तो आला तर छातीवर किंवा मानेच्या बाजूला चार-पाच सेकंद हात फिरवा आणि थांबा. त्याने पुन्हा अंग घासले तर पुढे चालू ठेवा; मान वळवली, ओठ चाटले, झोप नसताना जांभई दिली किंवा डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, तर हात काढून घ्या. शेपटी हलते म्हणजे खूश आहे हेही नेहमी खरे नसते. ताठ उभ्या शेपटीचे टोकच झपझप हलत असेल तर कुत्रा ताणात आहे. मांजरीच्या गालांवर आणि हनुवटीखाली गंधग्रंथी असतात, तिथे खाजवलेले बहुतेक मांजरींना आवडते. ती पाठीवर लोळून पोट दाखवते तेव्हा तुमच्याविषयी तिला भरवसा आहे एवढेच ती सांगते. पोटाला हात लावलात तर नखे लागतील. तिच्याकडे पाहून डोळे सावकाश मिटले आणि उघडले, तर पुष्कळदा तीही तसेच करते, आणि तेवढ्याने तिची आणि तुमची त्या दिवसाची भेट पुरेशी होते.

घरी परतल्यावरची शिस्त आईसाठी आहे. प्राण्यांचे कण कपड्यांवरून घरात येतात, म्हणून फिरवण्याचे कपडे वेगळे ठेवा, आल्याबरोबर ते काढून बादलीत टाका आणि अंघोळ करूनच आईच्या खोलीत जा. एवढे करूनही त्यांचा खोकला वाढला तर डॉक्टरांना नेमके कारण सांगा, लपवू नका.

इतर मार्ग मी थोडक्यात सांगते. अनाथ पिल्ले काही आठवडे घरी सांभाळणे हे मोलाचे काम आहे, पण डोळे न उघडलेल्या पिल्लांना रात्रंदिवस दर दोन-तीन तासांनी दूध पाजावे लागते आणि तुमच्या भाडेकरारात ते बसत नाही. गोशाळा किंवा प्राण्यांचे निवारे यांना गोंजारणाऱ्यांपेक्षा शेण-पिंजरे साफ करणाऱ्यांची गरज असते. आठवड्यातून एक ठरलेला दिवस देऊ शकत असाल तरच जा. बँकेतील एखादा सहकारी मंगळवेढ्याचा किंवा सांगोल्याचा असेल आणि त्याच्या घरी खिलार बैल किंवा पंढरपुरी म्हैस असेल, तर रविवारी गोठ्यात जाऊन बसा. कुत्र्या-मांजरांपुरताच सहवास मानण्याची सवय शहराची आहे. देशी पोपट किंवा चांदणी कासव ‘सांभाळायला सोपे’ म्हणून कोणी देऊ केले तर घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरी ठेवण्यास मनाई आहे.

तेव्हा तुमच्यासाठी माझा सल्ला असा, की चालत जाण्याच्या अंतरावरचे एकच घर आणि त्यातला एकच कुत्रा निवडावा. बदलीची अडचण इथेही आहे, पण इथे ती सोडवता येते, कारण तुम्ही गेल्यावरही त्याचे घर आणि त्याची माणसे तिथेच असतात. बदलीचे पत्र आले की दुसऱ्याच दिवशी काका-काकूंना सांगा आणि तुमच्या जागी येऊ शकेल असे कोणी, म्हणजे कॉलनीतील कॉलेजचा मुलगा किंवा पहाटे फिरणारी शेजारीण, शोधायला लागा. त्या माणसाला महिनाभर तुमच्याबरोबर चालू द्या. पट्टा तुम्ही जसा हळूहळू घेतलात तसाच हळूहळू द्या, आणि कुत्रा कुठल्या वळणावर थांबतो, कोणत्या गेटमधल्या कुत्र्यावर भुंकतो, हे चालता चालता सांगा. शेवटच्या पंधरवड्यात दोन-तीन दिवस मुद्दाम जाऊ नका, म्हणजे तुमच्याविना त्याचे फिरणे होते की नाही, हे तुम्ही सोलापुरात असतानाच कळेल आणि काही अडले तर दुरुस्त करायला वेळ राहील.